वर्गातील प्रयोग आणि थांबणारी मुले

अध्यापनाची एखादी नवी पद्धत खरोखर उपयोगी पडते की नाही, हे ठरवण्यासाठी शैक्षणिक संशोधनात बहुधा तुलनेचा आधार घेतला जातो. साधारण सारख्या पातळीच्या मुलांचे दोन गट करून दोन्ही गटांची पूर्वचाचणी घ्यायची, एका गटाला नव्या पद्धतीने व दुसऱ्याला नेहमीप्रमाणे शिकवायचे आणि ठरावीक काळानंतर उत्तरचाचणी घेऊन दोहोंच्या प्रगतीतील फरक पाहायचा, अशी ही रचना असते. नवी पद्धत ज्याला मिळते तो प्रायोगिक गट आणि ज्याला मिळत नाही तो नियंत्रित गट. बी.एड. आणि एम.एड.च्या विद्यार्थ्यांना ही व्याख्या पाठ असते. मात्र नियंत्रित गट म्हणजे बाकावर बसलेली खरीखुरी मुले असतात, आणि नवी पद्धत चांगली आहे असे संशोधकाला मनापासून वाटत असेल, तर त्या चांगल्या गोष्टीपासून काही मुलांना आपण जाणूनबुजून दूर ठेवत आहोत, हेही त्याला मान्य करावे लागते. तिसरीचे वर्ष मुलाला पुन्हा मिळत नाही. त्यामुळे शैक्षणिक संशोधनातील नीतीचा मुख्य प्रश्न संमतिपत्रावरील सहीने सुटत नाही, तो प्रयोगाच्या आखणीतच सोडवावा लागतो.

यावर तुलनाच करू नये, असा उपाय कोणी सुचवील. पण तो अधिक घातक ठरेल. न तपासलेली योजना एका आदेशाने हजारो शाळांत लागू करणे हाही मुलांवरील प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि त्यातून कोणी काही शिकतही नाही.

आखणीतून हा पेच कसा सोडवता येतो, याचे उत्तम उदाहरण मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत घडले. 1990 च्या दशकाच्या मध्यात मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतीलच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एखादी तरुणी अल्प प्रशिक्षण घेऊन बालसखी होई आणि वाचन-गणितात मागे पडलेल्या पंधरा ते वीस मुलांना शाळेच्याच वेळात, रोज सुमारे दोन तास, वर्गाबाहेर वेगळे बसवून पायाभूत गोष्टी शिकवी. इयत्तेच्या पाठ्यपुस्तकाऐवजी मूल जिथे अडले आहे तिथून सुरुवात करायची, हे या अध्यापनाचे सूत्र होते. पुढे ‘पातळीनुसार अध्यापन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीची ही सुरुवातीची पायरी होय.

या कार्यक्रमाची परीक्षा अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवड करावी तशी, केली. वडोदऱ्यातील शाळांचे दोन गट करण्यात आले. 2001-02 या वर्षी एका गटातील शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली आणि दुसऱ्या गटातील शाळांना चौथीसाठी, तर पुढील वर्षी ही वाटणी उलट करण्यात आली. पहिल्या गटातील तिसरीची तुलना दुसऱ्या गटातील तिसरीशी, आणि चौथीची चौथीशी. या मांडणीमुळे एकही शाळा पूर्णपणे रिकाम्या हाताने राहिली नाही, मुख्याध्यापकांना पालकांसमोर सांगण्यासारखे काही उरले आणि संशोधकांना हवी असलेली काटेकोर तुलनाही मिळाली. बालसखींची संख्या सगळ्या वर्गांना पुरण्याइतकी नव्हतीच. कोणाला तरी थांबावे लागणार होते, तेव्हा ते कोणी थांबायचे हे ओळखीपाळखीवर न सोडता चिठ्ठीवर सोडणे अधिक न्याय्य होते. तरीही ही रचना निर्दोष नव्हती, कारण एखाद्या विशिष्ट मुलाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या वर्षी त्याच्या इयत्तेला बालसखी नव्हती, ते वर्ष त्याचे गेलेच.

निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. गुणांतील वाढ पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाण विचलन इतकी होती. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, 0.28 चा अर्थ ढोबळमानाने असा की, शंभर मुलांच्या ओळीत मधोमध उभे असलेले मूल सुमारे अकरा जागा पुढे सरकले. लाभ मुख्यतः मागे पडलेल्या, बालसखीकडे गेलेल्या मुलांना झाला. मूळ वर्गातील गर्दी कमी होऊनही तिथे उरलेल्या मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने हा लाभ सुमारे 0.10 पर्यंत ओसरला होता, आणि संशोधकांनी ही गोष्टही त्याच लेखात लपवाछपवी न करता नोंदवली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते दारिद्र्यनिर्मूलनाच्या उपायांची अशा प्रयोगांतून तपासणी केल्याबद्दल.

मुलांना वर्गातून उठवून वेगळे बसवण्यात आणखी एक धोका असतो, आणि त्याची जाणीव मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही असेल. ‘ढ’ हा शिक्का एकदा बसला की तो पुसला जाणे कठीण असते. शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर परिणाम होतो का, हे तपासण्यासाठी रॉबर्ट रोझेन्थल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग 1968 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. सुमारे वीस टक्के मुले केवळ यादृच्छिकपणे निवडून ‘ही मुले लवकरच झपाट्याने प्रगती करतील असे चाचणीत दिसते’ असे त्यांच्या शिक्षकांना सांगण्यात आले होते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. नीतीच्या दृष्टीने मात्र दोन गोष्टी ठळकपणे दिसतात: शिक्षकांची दिशाभूल करण्यात आली होती, आणि अपेक्षेने मूल खरोखर फुलत असेल, तर उरलेल्या मुलांच्या वाट्याला ती अपेक्षा मुद्दामच येऊ दिली गेली नाही. चाचणीत मागे असलेल्या मुलांची यादी फळ्यावर लिहिणे किंवा गटांना ‘हुशार’ व ‘मंद’ अशी नावे देणे या साध्या वाटणाऱ्या कृतीही म्हणूनच संशोधनाच्या नीतीत बसत नाहीत. पातळीनुसार गट करायचेच असतील, तर ते दर काही आठवड्यांनी बदलत राहिले पाहिजेत.

संमतीचा विचार याच्या जोडीने करावा लागतो. मुख्याध्यापकांचे परवानगीपत्र म्हणजे पालकांची संमती नव्हे, आणि पालकांची संमती म्हणजे मुलाचा होकार नव्हे. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारात स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत ते मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. वैद्यकीय संशोधनात सात वर्षांवरील मुलाचा होकार वेगळा विचारण्याची पद्धत आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वांतून रूढ झाली आहे. ती तत्त्वे वर्गासाठी लिहिलेली नसली तरी वर्गाने ती उचलायला हरकत नाही.

सर्वांत अवघड परिस्थिती शिक्षकाच्या स्वतःच्या कृतिसंशोधनात निर्माण होते. कृतिसंशोधन म्हणजे आपल्याच वर्गातील अडचण निवडून, उपाय करून, त्याचा परिणाम शिक्षकाने स्वतः तपासणे. येथे शिकवणारा, गुण देणारा आणि संशोधक एकच असल्याने ‘मला यात भाग घ्यायचा नाही’ असे पाचवीतील मूल त्याला सांगू शकेल, ही अपेक्षाच अवास्तव आहे. त्यामुळे नवी पद्धत सगळ्या वर्गाला शिकवावी आणि संमती मागायची ती नोंदी, उत्तरपत्रिका व चित्रफिती संशोधनासाठी वापरण्यापुरती. ती मागण्याचे काम शक्य तर दुसऱ्या शिक्षकावर सोपवावे, आणि कोणी नकार दिला हे वार्षिक निकाल लागेपर्यंत वर्गशिक्षकाला कळू देऊ नये. वाचताना अडखळणाऱ्या मुलाची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपच्या शिक्षकगटावर टाकणे कौतुकाच्या भावनेने होत असले तरी त्या मुलाच्या दृष्टीने ते उघडे पडणेच असते, आणि हे वेळीच थांबवले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानून तिच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे.

नियंत्रित गटाला नंतर तीच पद्धत शिकवू, असे आश्वासन अनेक संशोधन आराखड्यांत लिहिलेले असते, पण त्यासाठी लागणारे दिवस वेळापत्रकात राखलेले नसतात. प्रयोग दुसऱ्या सत्रात सुरू केला तर उत्तरचाचणी थेट वार्षिक परीक्षेला जाऊन भिडते आणि थांबलेली मुले तशीच पुढच्या इयत्तेत जातात. पूर्वचाचणी जुलैत घेऊन प्रायोगिक गटाचे काम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आटोपले, तर संपूर्ण दुसरे सत्र नियंत्रित गटासाठी मोकळे राहते. आराखड्याला मान्यता देणाऱ्या मार्गदर्शकाने प्रश्नावलीच्या आधी या तारखा पाहायला हव्यात.