घर्षणाचे चक्रवाढ व्याज
सुकाणूची एक तार बदलताना

सायकलचा ब्रेक दाबताना त्या तारेकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुठीपाशी आपण तरफ दाबतो आणि दोन-तीन वळणे घेतलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकचे रबर चाकाला चिकटते. नळीत बसवलेल्या अशा तारेला ‘बोडेन केबल’ म्हणतात. अर्नेस्ट बोडेन यांनी तिचे एकस्व, म्हणजे पेटंट, १८९६ मध्ये घेतले. हिची खुबी अशी की नळी कितीही वाकली, तरी नळीची लांबी आणि आतल्या तारेची लांबी यांचा हिशेब बदलत नाही. एका टोकाला तार एक सेंटिमीटर ओढली, की दुसऱ्या टोकालाही ती एक सेंटिमीटरच सरकते.

ब्रेकची तार फक्त ओढते. परत नेण्याचे काम स्प्रिंग करते. छोट्या मोटरबोटीच्या सुकाणूची तार मात्र ओढते आणि ढकलतेही. म्हणून ती जाड असते. पोलादी तारांचा पीळ दिलेला गाभा, त्याभोवती प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर, त्यावर उभ्या तारांचे चिलखत आणि सर्वांत वर पाणी आत न शिरू देणारे प्लॅस्टिकचे वेष्टन, अशी तिची रचना असते. पुढे चालकाच्या हातात चाक असते. मागच्या फळीवर टांगलेले आउटबोर्ड इंजिन तारेच्या टोकाच्या दांड्याने डावीकडे-उजवीकडे वळते. अशा होडीला वेगळे सुकाणू नसते. पंखा पाणी ज्या दिशेला फेकतो तिच्या उलट दिशेला होडीची मागची बाजू ढकलली जाते, आणि होडी वळते.

मालवणच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी गोव्यातून अशी एक वापरलेली होडी घेतली. होडी फायबरची, १८ फुटी. इंजिन ४० अश्वशक्तीचे. पर्यटकांना कर्लीच्या खाडीत फिरवून आणायचे आणि बँकेचे कर्ज फेडायचे, असा त्याचा बेत. इंजिन उत्तम चालत होते. फक्त चाक फार जड होते. विकणाऱ्याने सांगितले, “वापरात आली की हलकी होईल.” पुष्कळांचा असा समज असतो. तारेच्या बाबतीत तो उलटा आहे, आणि का उलटा आहे हे पाहण्यासाठी अकरावी-बारावीचे गणित पुरेसे आहे.

आधी धोक्याविषयी. इंजिन जोरात चालू असताना पंख्याच्या फिरण्यामुळे इंजिनावर एका बाजूला वळवणारे बल सतत येत असते. चालकाच्या हाताने आणि तारेने ते अडवून धरलेले असते. वेगात असताना तार तुटली, तर इंजिन एकदम एका बाजूला कलंडते, होडी जागच्या जागी गिरकी घेते आणि माणसे पाण्यात फेकली जातात. चालक पडला तर होडी त्याच्याभोवतीच गोल फिरत राहते, आणि तिच्या मागे फिरता पंखा असतो. चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला अडकवायची, ओढली जाताच इंजिन बंद करणारी दोरी यासाठीच दिलेली असते. ती चाकाशेजारच्या खिळ्याला टांगलेली मी बरेचदा पाहिली आहे.

बरे, चाक जड लागले तर चालकाला धोक्याची जाणीव व्हायला हवी ना? ती उशिरा होते. कारण चाक हे मोठे यांत्रिक लाभ देणारे साधन आहे. त्या होडीचे चाक ३४ सेंटिमीटर व्यासाचे. एका टोकाच्या वळणापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याचे साडेतीन फेरे होत. म्हणजे हात सुमारे ३७४ सेंटिमीटर फिरतो, तर मागचा दांडा सुमारे २३ सेंटिमीटर सरकतो. घर्षण सोडून दिले तर लाभ १६ पट. आम्ही महाविद्यालयातला स्प्रिंगकाटा चाकाच्या कडेला अडकवून ओढला, तेव्हा तो ९ किलोपर्यंत गेला आणि मग चाक हलले. तरुण माणसाला ९ किलो म्हणजे काहीच नाही. पण तारेच्या पुढच्या टोकाला ते १४४ किलोच्या आसपास पोचत होते!

मग हे १४४ किलो जात होते कुठे?

तार जिथे सरळ असते तिथे ती नळीवर विशेष दाबली जात नाही. वळणावर मात्र ताणलेली तार नळीच्या आतल्या बाजूला दाबली जाते. जितका ताण जास्त तितका दाब जास्त, आणि दाब जास्त म्हणून घर्षण जास्त. आता वळणाचे छोटे छोटे तुकडे कल्पा, प्रत्येकी एक अंशाचा. इंजिनाच्या टोकाकडून निघू. पहिल्या तुकड्यात घर्षणावर मात करायला ताण थोडा वाढवावा लागला. दुसऱ्या तुकड्यात घर्षण लागते ते मूळ ताणावर नव्हे, या वाढलेल्या ताणावर. तिसऱ्यात त्याहून वाढलेल्या ताणावर. कर्जाच्या चक्रवाढ व्याजासारखेच हे आहे: मुद्दल म्हणजे इंजिन हलवायला लागणारे बल, व्याजाचा दर म्हणजे घर्षणगुणांक, आणि मुदत म्हणजे वळणांचा एकूण कोन.

स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर (१७०७–१७८३) यांनी हा हिशेब अठराव्या शतकात केला. २.७१८ या संख्येचा घात घ्यायचा. घातांक म्हणजे घर्षणगुणांक गुणिले रेडियनमध्ये मोजलेला एकूण कोन. जे उत्तर येईल तितक्या पटींनी ओढणाऱ्या टोकाला बल जास्त लावावे लागते. या सूत्रात वळणाची त्रिज्या येत नाही, तारेची लांबीही येत नाही. येतो तो फक्त कोन.

आमच्या होडीत तार तीन काटकोनांत वळलेली होती. म्हणजे २७० अंश, ४.७१ रेडियन. नव्या तारेचा घर्षणगुणांक सुमारे ०.१ धरला तर बल १.६ पट लागते. यात काही तक्रार नाही. अस्तर झिजून, खारे पाणी आत जाऊन तो ०.३ झाला तर ४.१ पट. ०.५ झाला तर साडेदहा पट! घर्षणगुणांक पाचपट झाला, पण घर्षणामुळे वाढणारे बल मुद्दलाच्या ०.६ पटीवरून साडेनऊ पटीवर गेले. चाक महिनोन्महिने ‘जरा जड’ असते आणि मग एका हंगामात एकाएकी अडून बसते, त्याचे कारण हे. ढकलताना तार नळीच्या आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूवर दाबते. गणित जवळजवळ तेच राहते.

कोकणातल्या खलाशांना हे सूत्र हाताने ठाऊक आहे. धक्क्यावरच्या एका वृद्ध तांडेलाला मी ते समजावू लागलो, तेव्हा ते हसून म्हणाले, “खुंटाक तीन वेढे घातले काय होडी खंय जातली?” तीन वेढे म्हणजे १८.८५ रेडियन. दोर आणि खुंट यांचा घर्षणगुणांक ०.३ धरला, तर हाताच्या १ किलो ओढीने पलीकडची सुमारे २८५ किलोंची ओढ थोपवता येते. सुकाणूच्या तारेत जे घर्षण शत्रू, तेच खुंटावर मित्र.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एक गुळगुळीत गोल नळी टेबलाच्या कडेबाहेर आडवी घट्ट बांधा. तिच्यावरून दोरा टाकून एका बाजूला २० ग्रॅम लटकवा आणि दुसऱ्या बाजूला दोरा घसरेपर्यंत वजने वाढवा. हा अर्धा वेढा झाला. मग दीड वेढा, अडीच वेढे घेऊन पुन्हा मोजा. प्रत्येक पूर्ण वेढ्यामागे वजन सारख्याच पटीत वाढते, असे दिसेल. वजनांचे लॉगरिदम घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून घर्षणगुणांक काढता येतो. नंतर त्याच जातीच्या पण दुप्पट जाड नळीवर प्रयोग करा. त्रिज्या सूत्रात का नाही, याची खात्री पटेल.

आता दुरुस्ती. तार जड आहे असे म्हणण्यापूर्वी दोष तिचाच आहे का, हे पाहिले पाहिजे. दांडा आणि इंजिन यांना जोडणारी दांडी सोडवली. इंजिन हाताने ढकलले तर सहज फिरले. म्हणजे इंजिनाचा खुंटा चांगला होता. चाक मात्र तितकेच जड राहिले. म्हणजे दोष चाक ते दांडा या टप्प्यात. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने अर्धे यंत्र निर्दोष ठरले!

दांडा ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्यावरच इंजिन वर उचलले जाते. दांडा आणि नळी यांच्यात फट असते ती मिलिमीटरच्या काही भागाएवढी. मागच्या पावसाळ्यात होडी झापांखाली पडून होती. ग्रीस वाळून घट्ट झाले, त्यात मीठ आणि गंज. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. फट भरून गेली आणि दांडा नळीत जणू सिमेंटने बसवला गेला. आधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या होडीतून दूर नेल्या. मग गंज सोडवणारे तेल सोडून दोन दिवस थांबलो, आणि नळीला बाहेरून बेताने उष्णता दिली.

इथे विद्यार्थ्यांना हमखास विचारावा असा प्रश्न आहे: नळी तापल्यावर तिचे भोक लहान होते की मोठे? मोठे होते. भोक हे त्याच धातूच्या चकतीने भरलेले असते, तर तीही प्रसरण पावलीच असती. १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ८० अंश सेल्सिअसने तापवली, तर भोक सुमारे ०.०१५ मिलिमीटरने रुंदावते. केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढे हे अंतर. पण गंजाचा थर तडकायला ते पुरले. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीचे ठोके दिल्यावर दांडा निघाला. थेट दांड्यावर हातोडी मारली असती तर त्याचे तोंड फुलून तो पुढे सरकलाच नसता.

दांडा मोकळा झाला तरी चाक पुरेसे हलके झाले नाही, त्यामुळे तार बदलण्याला पर्याय नव्हता. नळीचे वेष्टन फोडून आत तेल घालण्याचा सल्ला काहींनी दिला. तो ऐकू नये. बाहेरचे वेष्टन एकदा फोडले की पाण्याला वाट मिळते, आणि झिजलेले अस्तर तेलाने परत येत नाही.

जुनी तार आम्ही करवतीने कापून पाहिली. सरळ भागात अस्तर जवळजवळ नव्यासारखे होते. वळणांवर मात्र आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू झिजून भोक लांबट झाले होते. त्यावरून चाकाच्या ढिलेपणाचाही उलगडा झाला. ओढताना गाभा वळणाच्या आतल्या कडेने जातो, ढकलताना बाहेरच्या कडेने. दोन्ही वाटांच्या लांबीत फरक पडतो तो फट गुणिले कोन इतका. फट १ मिलिमीटर असली आणि कोन ४.७१ रेडियन, तर ४.७ मिलिमीटर हालचाल वायाच जाते. साडेतीन फेऱ्यांत २३० मिलिमीटर, या हिशेबाने चाक सुमारे २६ अंश नुसतेच फिरते आणि इंजिनाला पत्ताही नसतो.

नव्या तारेची लांबी जुन्या तारेच्या वेष्टनावर छापलेली असते. ती वाचता आली तर मोजमापाची कटकट वाचते. थोडी लांब तार घेऊन उरलेल्या भागाचे वेटोळे करून ठेवू, असा विचार मोहात पाडतो. पण एका पूर्ण वेटोळ्याचे ६.२८ रेडियन होतात, आणि अगदी नव्या तारेतही त्यामुळे बल १.९ पट वाढते. वळणाची त्रिज्या सूत्रात नसली, तरी २० सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवू नये. ऑयलरचा दोरा वाकायला काहीच विरोध करत नाही. आपला पोलादी गाभा करतो, आणि फार आवळलेल्या वळणात अस्तर चेपते. तसेच एका बनावटीची तार दुसऱ्या बनावटीच्या चाकपेटीत बसेलच असे नाही, म्हणून जुना नमुना दुकानात नेलेला बरा.

आडवी नळी तारेच्या ब्रशने आतून स्वच्छ केली, पाण्याने न धुपणारे ग्रीस दांड्याला लावले आणि तार बसवली. चाकपेटीत गाभ्यावर मळसूत्रासारखी गुंडाळलेली तार दातेरी चाकात अडकते. ती दातेरी चाकाच्या उलट बाजूने घातली गेली, तर चाक डावीकडे आणि होडी उजवीकडे! म्हणून होडी जमिनीवर असतानाच कोणाला तरी मागे उभे करून इंजिन कुठे वळते ते पाहून घ्यावे. जोडदांडीला साधे नट लावू नयेत. इंजिनाच्या कंपनांनी ते सैल होतात. नायलॉनची कडी असलेले लॉक नट लावावेत, आणि एकदा काढलेले पुन्हा वापरू नयेत.

स्प्रिंगकाटा पुन्हा चाकाला लावला, तेव्हा तो एक किलोच्याही आत थांबला. आता रोजचा फेरा संपला, की तो विद्यार्थी दांडा गोड्या पाण्याने धुतो, पुसतो, आणि इंजिन त्या बाजूला वळवून ठेवतो जिकडे दांडा पूर्णपणे नळीच्या आत जातो. सकाळी पर्यटक होडीत चढण्यापूर्वी तो चाक दोन्ही टोकांपर्यंत एकदा फिरवतो आणि लाल दोरी जाकिटाला अडकवतो.