वातावरणातील लाटा आणि समुद्रावरील मेघ

झाशी हे नगर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. तथापि तेथील किल्ल्यावरून आकाशाकडे पाहणाऱ्यास कधीकधी मेघांचे समांतर पट्टे, शेतातील नांगराच्या तासांप्रमाणे, ओळीने मांडलेले दिसतात. वातावरणात उठणाऱ्या लाटाच पुष्कळदा ह्या पट्ट्यांच्या रूपाने आपणांस दृश्यमान होतात.

ह्या लाटा निर्माण कशा होतात? स्थिर थरातील हवा काही कारणाने वर लोटली गेली की ती भोवतालच्या हवेहून जड ठरते व खाली येऊ लागते; परंतु वेगामुळे ती मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर ढकलली जाते. हे आंदोलन लाटेच्या रूपाने दूरवर पसरते. ह्यांस गुरुत्व-तरंग म्हणतात. आइन्स्टाइनने वर्तविलेल्या गुरुत्वीय लहरी निराळ्या. त्यांच्याशी ह्यांचा संबंध नाही. लाटेबरोबर वर चढणारी हवा थंड होऊन मेघ बनतो. खाली उतरणारी हवा तापून तो विरतो.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापुढील अटलांटिक महासागरावर ठेंगण्या मेघांचे विस्तीर्ण छत पसरलेले असते. सँड्रा यूटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून तेथील एक विलक्षण घटना 2018 मध्ये प्रसिद्ध केली. शेकडो मैल लांबीची एक रेषा सेकंदास 8 ते 12 मीटर वेगाने पश्चिमेकडे सरकते, आणि तिच्यामागे काही मिनिटांतच आकाश निरभ्र होते! रात्री थंड झालेली जमिनीवरची हवा समुद्राकडे वाहते व तेथील स्थिर थरावर आदळून लाटा उठविते, असे ह्या संशोधकांचे अनुमान आहे. लाटांच्या घुसळणीने वरची कोरडी हवा मेघात मिसळते आणि जलबिंदूंची वाफ होते. म्हणूनच लाट पुढे गेल्यावरही नाहीसे झालेले मेघ काही तास परतत नाहीत.

ह्या घटनेचे महत्त्व केवळ कुतूहलापुरते नाही. शुभ्र मेघ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत पाठवितात. काळसर समुद्र मात्र त्यातील बहुतेक भाग शोषून घेतो. पृथ्वीवरील महासागरांचा सुमारे एक-पंचमांश भाग अशा ठेंगण्या मेघांनी आच्छादिलेला असतो. हे छत थोडेही विरळ झाले, तर समुद्रास अधिक उष्णता मिळते. म्हणून पृथ्वीचे भावी तापमान वर्तविताना, डोळ्यांस न दिसणाऱ्या ह्या लाटांचाही हिशेब शास्त्रज्ञांस ठेवावा लागणार आहे.