अश्वगंधेच्या डबीवरचे ‘५ टक्के’ मोजतात कसे?

आपल्या मंडळातील बऱ्याच ज्येष्ठांच्या औषधांत आता अश्वगंधेची, म्हणजे आपल्या आस्कंदाची, एक डबी असतेच. एका डबीवर ‘विथॅनोलाइड्स ५ टक्के’ छापलेले असते, दुसरीवर अडीच टक्के आणि किंमत मात्र जास्त. आपण हिशेबी माणसे, साहजिकच पहिली उचलतो. पण दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नसतील, तर ही तुलनाच चुकते.

ही वनस्पती आपल्या माळव्याची. नीमच-मंदसौरकडे तिची शेती होते आणि नीमचच्या मंडीत मुळांचा मोठा व्यापार चालतो. तिथे प्रत ठरते ती मुळाची लांबी, जाडी आणि मोडल्यावर आतून दिसणारा पांढरेपणा पाहून. व्यापाराला ते पुरते, पण आत औषधी द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय विथॅनोलाइड हे एकच द्रव्य नाही, ते मोठे कुटुंब आहे. विथॅफेरिन ए, विथॅनोलाइड ए, विथॅनोसाइड अशी त्यातली काही नावे. सुक्या मुळात ही सगळी मिळून साधारणपणे एक टक्कासुद्धा भरत नाहीत. म्हणून अर्क काढून प्रमाण वाढवतात.

मोजण्याची एक जुनी रीत वजनाची. अर्कातला हवा तो भाग द्रावकाने वेगळा करायचा, सुकवायचा आणि तोलायचा. यात अडचण अशी, की त्या भागाबरोबर आलेले इतर पदार्थही तोलले जातात. बँकेत एकाच किमतीच्या नाण्यांची थैली वजनावर घेता येते. मिसळलेली नाणी असतील तर वजनावरून रक्कम सांगता येत नाही, आधी नाणी निवडावीच लागतात.

ही निवड करणारे यंत्र म्हणजे एचपीएलसी, द्रव क्रोमॅटोग्राफीचे आजचे रूप. मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्याने पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून सोडला, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. गंमत म्हणजे ‘त्स्वेत’ या रशियन शब्दाचा अर्थही रंगच!

आता काचनळीऐवजी पोलादी नळी असते. सहसा ती वीतभर लांब आणि आतून जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद असते. तिच्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण ठासलेले असतात आणि त्यांच्यावर तेलकट रेणूंचा थर असतो. मुळाची पूड मिथेनॉलमध्ये भिजवून गाळतात, त्यातले काही मायक्रोलिटर नळीच्या तोंडाशी सोडतात आणि पंप मोठ्या दाबाने पाणी व ॲसिटोनायट्राइल यांचे मिश्रण ढकलत राहतो. पाण्यात रमणारी द्रव्ये लवकर बाहेर पडतात, तेलकट स्वभावाची थराला चिकटत चिकटत उशिरा येतात. दाराशी अतिनील किरणांचा पहारेकरी बसलेला असतो. विथॅनोलाइडसाठी साधारण २२७ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. द्रव्य समोरून गेले की संगणकावर एक शिखर उमटते.

शिखराखालचे क्षेत्रफळ म्हणजे द्रव्याचे प्रमाण. मात्र ते कळायला त्याच द्रव्याचा शुद्ध, ठाऊक वजनाचा नमुना आधी त्याच नळीतून सोडावा लागतो. पुढे शाळेतले त्रैराशिक. समजा २ ग्रॅम पूड घेऊन ५० मिलिलिटर द्रावण केले आणि त्यातल्या २० मायक्रोलिटरमध्ये ०.८ मायक्रोग्रॅम विथॅनोलाइड ए निघाले. म्हणजे पूर्ण द्रावणात २ मिलिग्रॅम, अर्थात पुडीत ०.१ टक्का.

हे यंत्र आणखी एक गोष्ट उघड करते, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. मुळापेक्षा पाने स्वस्त, आणि त्यांत विथॅफेरिन ए जास्त असते. अर्कात पाने मिसळली की एकूण टक्केवारी उलट वाढते! म्हणजे मोठा आकडा पाहून आपण खूश व्हायचे आणि आत पाला. पण शिखरांची आपसांतली प्रमाणे मुळाच्या नमुन्याशी ताडून पाहिली, तर जाणकार विश्लेषकाला शंका येते. आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली होती.

तेव्हा डबी घेताना ‘फक्त मूळ’ असे लिहिले आहे का आणि टक्केवारी एचपीएलसीने मोजली आहे का, एवढे पाहा. लिहिलेले नसेल तर बॅच क्रमांक देऊन कंपनीकडे तपासणीचा दाखला मागा. त्यावर चाचणीची पद्धत नोंदवलेली असते. थायरॉइड किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र टक्के पाहण्याआधी डॉक्टरांना विचारावे.