नियमातून उगवलेला शब्द

हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झालं, मराठीत ते सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. ही चाल एकदा कळली, की ‘कर्म’, ‘कम्म’ यांच्यापुढचा शब्द कुणी सांगावा लागत नाही. ‘काम’ आपसूक ओठांवर येतो. कुठेतरी ठेवलेली वस्तू सापडावी तसा.

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी आयुष्यभर याच आनंदाचा पाठपुरावा केला. ते ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवत. विद्यार्थिदशेत फिनिश भाषेचं व्याकरण हाती लागलं आणि त्या नादानं ते भारावले. त्यातून त्यांच्या कथांतल्या एल्फांची ‘क्वेन्या’ ही भाषा घडत गेली; एल्फांच्याच दुसऱ्या भाषेला, ‘सिंदारिन’ला, वळण मिळालं वेल्शचं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आपण कादंबरी म्हणून वाचतो. ते मात्र सांगत, की भाषा आधी आल्या आणि त्यांना नांदायला जग हवं म्हणून कथा आल्या.

या दोन भाषा त्यांनी सुट्या रचल्या नाहीत. दोघींची आई एकच कल्पिली आणि प्रत्येक लेकीला उच्चारबदलाचे वेगळे नियम दिले. माणसाला क्वेन्यात ‘अतन’ म्हणतात. सिंदारिनमध्ये दोन स्वरांमधला ‘त’ मऊ होतो, म्हणून ‘अदन’. संस्कृत ‘गत’चं शौरसेनी प्राकृतात ‘गद’ झालं, ते असंच. (आपल्या माहाराष्ट्री प्राकृतानं तर तो ‘त’ गाळूनच टाकला: ‘गअ’.)

आता नवा शब्द हवा असेल, तर मूळ धातू घ्यायचा, नियमांतून चालवायचा आणि जे निघेल ते पाहायचं. ते पसंत नसेल तर नियम बदलता येतो, पण मग त्या नियमावर उभे असलेले सगळेच शब्द हलतात. टॉल्किन जन्मभर असे बदल करत राहिले. तरी १९५१च्या एका पत्रात आपल्या कथांविषयी त्यांनी लिहिलं, की हे रचतोय असं कधी वाटलं नाही. कुठेतरी आधीच असलेलं टिपून घेतोय असं वाटे. मला हे शब्दशः खरं वाटतं. नियम माणसानं केलेला असला, तरी त्यातून काय निघेल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं.

आणि जे एकदा ठरलं, ते मग त्यालाही अडवतं. टॉल्किन यांच्या कथांतल्या ‘एलरोस’ या नावातला ‘रोस’, म्हणजे फेस, आला कुठून, याचा उलगडा त्यांनी उतारवयात एका सविस्तर टिपणात मांडला. तो शब्द माणसांच्या एका जुन्या बोलीतला, असा तो उलगडा. मग ध्यानात आलं, की ‘काइर आंद्रोस’ हे बेटाचं सिंदारिन नाव केव्हाच छापून गेलंय आणि त्यातही ‘रोस’ म्हणजे फेसच. यातलं बहुतेक टिकत नाही, अशी नोंद त्यांनी स्वतःच त्या टिपणावर केली.