ही तहान उन्हाची की साखरेची?

पाण्याचा तांब्या उशाशी लागतो, रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते, जेवूनही वजन उतरते. "उन्हाळा आहे, काम जास्त पडतं, वय झालं," असे आम्ही वस्तीत घरोघरी ऐकतो. रक्तात साखर फार वाढली की मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात. तिच्यासोबत अंगातले पाणीही जाते, म्हणून घसा कोरडा पडतो. थकवा, अंधूक दिसणे, जांघेत खाज, पायाला मुंग्या, लवकर न भरणारी जखम याही खुणा ओळखाव्यात.

पुष्कळांना काहीच जाणवत नाही. म्हणून तिशीनंतर प्रत्येकाने तपासणी करावी. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासावी. बरे वाटले म्हणून चालू गोळी बंद करू नये.

साखर वाढलेल्या माणसाला उलट्या, पोटदुखी, जोराची धाप किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार त्रास दिला. आपण हे दुखणे लपवू नये, अंगावरही काढू नये.