शेजारच्या संगणकावरचा रेपो

व्हर्जन कंट्रोल म्हणजे काय, कमिट कशाला म्हणतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगत बसत नाही. मला लिहायचे आहे ते या विषयाच्या एका कोपऱ्याबद्दल: एकाच इमारतीत, एकाच स्विचला जोडलेल्या दोन संगणकांमध्ये रिपॉझिटरी कशी जात आली, आज कशी जाते आणि कशी जायला हवी. गिटहबवर भरभरून लिहिले जाते. दहा फुटांवरच्या संगणकावरून रेपो कसा घ्यावा, यावर मात्र मराठीत कोणी फारसे लिहीत नाही आणि वर्गातही ते क्वचितच शिकवले जाते.

पूर्वपीठिका झटपट उरकतो. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली एससीसीएस लिहिले, वॉल्टर टिशी यांचे आरसीएस १९८२ चे. दोन्ही एका यंत्रापुरती. डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएसची सुरुवात केली आणि पुढे त्याच्या पीसर्व्हरमुळे २४०१ क्रमांकाच्या पोर्टवरून अनेकांना एकाच साठ्यावर काम करता येऊ लागले. सबव्हर्जनची १.० आवृत्ती २००४ ची. सीव्हीएसच्या बऱ्याच खोडी तिने मोडल्या, पण मूळ रचना तीच राहिली. इतिहास सर्व्हरवर, आपल्याकडे फक्त आजची प्रत.

सीव्हीएसच्या काळातली पुण्यातली छोटी ऑफिसे मला चांगली आठवतात. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तरी डायल-अपवरून मोठे काही उतरवणे म्हणजे रात्र घालवणे. ऑफिसच्या आत मात्र पातळ कोॲक्सची वायर एका संगणकावरून दुसऱ्यावर गेलेली असे आणि एका टोकाचा टर्मिनेटर निघाला की सगळी रांग ठप्प. कोपऱ्यात एक लिनक्सचे खोके आणि त्यावर सीव्हीएस. ते खोके बंद पडले की कमिट नाही, जुनी आवृत्ती पाहणे नाही, काही नाही. सगळे चहाला जात.

ही रचना बदलली ती २००५ च्या एप्रिलमध्ये. लिनक्स कर्नलचे काम २००२ पासून बिटकीपर या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालत होते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्या सर्व्हरशी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम लिहायला घेतला, त्यावरून वाद झाला आणि कंपनीने फुकट वापराची मुभा काढून घेतली. हे ट्रिजेल म्हणजे साम्बा आणि आरसिंक या दोन्हींचे कर्ते. ऑफिसातल्या ऑफिसात फायली इकडून तिकडे नेण्यासाठी ज्यांच्या कामावर आपण सगळे वर्षानुवर्षे विसंबलो, त्याच माणसाच्या खटाटोपातून पुढची क्रांती घडली, याचे मला आजही अप्रूप वाटते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ७ एप्रिलला गिटचा पहिला कमिट गिटमध्येच केला. मॅट मॅकल यांनी १९ एप्रिलला मर्क्युरियल जाहीर केले.

दोघांतही प्रत्येक प्रत पूर्ण असते, सगळ्या इतिहासासकट. स्थानिक नेटवर्कच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. सर्व्हर नावाचे वेगळे यंत्र लागतच नाही. ज्याच्याकडे क्लोन आहे, त्याच्याकडून कोणीही घेऊ शकतो.

मर्क्युरियलने हे ओळखले होते. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभे राहून ‘एचजी सर्व्ह’ म्हटले की ८००० पोर्टवर रेपो हजर, ब्राउझरमध्ये इतिहास दिसतो आणि शेजारी त्याच पत्त्यावरून क्लोन करतो. झिरोकॉन्फची जोड दिली की आयपी पत्ता विचारायचीही गरज नाही. रिचर्ड हिप यांचे फॉसिल तर सगळा रेपो एका फायलीत ठेवते. गिटमध्ये याच कामासाठी ‘गिट डीमन’ आहे, पोर्ट ९४१८. त्यात ओळखपाळख, पासवर्ड काही नाही, म्हणून ते मुळात फक्त वाचण्यासाठी खुले असते. लिहिण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. विश्वासाच्या लॅबमध्येसुद्धा ती देऊ नये, असे माझे मत आहे.

आता एका जुन्या भांडणाकडे येतो. आमच्यातल्या काही मंडळींचा आग्रह असतो की एवढे सगळे कशाला, शेअर्ड फोल्डरवर रेपो ठेवा आणि सगळ्यांनी तिथेच पुश करा. एकट्याने वापरायचे तर ठीक. पाच जण झाले की पहिल्याच आठवड्यात परवानग्यांचा घोळ सुरू होतो. ज्याने पुश केले त्याच्या नावाने आत नवी फोल्डरे तयार होतात आणि दुसऱ्याला त्यांत लिहिता येत नाही. रेपो गटासाठी सामायिक म्हणून सुरू केला तर हे टळते, पण तो पर्याय सांगतो कोण? नेटवर्कवरच्या फोल्डरची लॉक फाइल प्रत्येक वेळी चोख वागेल याची खात्री नाही, हा आणखी एक धोका. २०२२ पासून तर दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधला रेपो गिट सरळ नाकारते. त्यावर ही मंडळी उपाय सांगतात की सुरक्षित फोल्डरांच्या यादीत एक फुली टाका, सगळे चालेल. चालते खरे, पण ज्या धोक्यासाठी तो पहारा बसवला तो धोका पुन्हा घरात येतो.

रेपोचे फोल्डर नुसते कॉपी-पेस्ट करणे हा याच मंडळींचा दुसरा लाडका मार्ग. कोणी कमिट करत असताना कॉपी केली तर अर्धवट स्थिती उचलली जाते. शिवाय त्या फोल्डरसोबत मालकाचे हुक्स, त्याची सेटिंग्ज, त्याने बाजूला ठेवलेले स्टॅश असे सगळे येते. क्लोन यातले काही आणत नाही, फक्त इतिहास आणतो आणि येताना तपासून घेतो. कॉपी करण्यावाचून इलाज नसेलच, तर नंतर निदान ‘गिट एफएससीके’ चालवून पाहावे.

मी ज्याचा पुरस्कार इतकी वर्षे केला, तो मार्ग साधा आहे: एक बेअर रेपो आणि एसएसएच. लॅबमधले कुठलेही जुने यंत्र घ्यावे, त्यावर लिनक्स टाकावे, ‘गिट’ नावाचे एक खाते उघडावे आणि त्यात बेअर रेपो तयार करावा. बेअर अशासाठी की त्यात कोणी बसून काम करत नसते. दुसऱ्याच्या उघड्या ब्रँचवर पुश केले तर त्याच्या समोरच्या फायली आणि इतिहास यांची फारकत होते, म्हणून १.७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, गिट असे पुश नाकारते. सगळे पुश एकाच खात्यातून येत असल्याने मालकीचा घोळ उरत नाही. बोलणे सांकेतिक असते, किल्ली प्रत्येकाची वेगळी. साध्या गिगाबिट वायरवरून सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास डेटा जातो, त्यामुळे मोठा प्रकल्पसुद्धा बघता बघता उतरतो.

याच पायावर एका भारतीय माणसाने जे उभे केले, त्याबद्दल लिहिताना मला अभिमान वाटतो. सीताराम चमार्ती यांनी २००९ मध्ये गिटोलाइट लिहिले. खाते एकच, पण आलेली किल्ली कोणाची हे ओळखून कोणाला काय करू द्यायचे ते गिटोलाइट ठरवते. एकाला फक्त वाचता यावे, दुसऱ्याला लिहिता यावे, इतिहास मागे फिरवण्याची मुभा फक्त मार्गदर्शकाला असावी, हे सगळे सांगता येते, लिहिण्याचे नियम तर ब्रँचनिहायही. हे नियमसुद्धा एका रेपोमध्येच राहतात. बदलायचे तर ती फाइल बदलून कमिट आणि पुश करायचे, म्हणजे कोणाला अधिकार कधी दिला, कोणी दिला, याचाही इतिहास आपोआप तयार होतो. ऑगस्ट २०११ मध्ये कर्नल डॉट ऑर्गवर घुसखोरी झाली. त्यानंतर पुन्हा उभारणी करताना तिथल्या लोकांनी गिटोलाइटच निवडले. जगातला सगळ्यात नावाजलेला कोड ज्याच्या पहाऱ्यात आहे, ते आपल्या कॉलेजांतल्या जुन्या यंत्रांवरही आरामात चालते.

वायरच नसेल तर? त्यासाठी २००७ पासून ‘गिट बंडल’ आहे. ठरावीक टॅगपासून पुढचा इतिहास एका फायलीत बांधायचा, पेनड्राइव्हवर घालायचा आणि पलीकडे त्या फायलीतूनच पुल करायचा. आधीचे आवश्यक कमिट पलीकडे आहेत की नाहीत, हेही ‘व्हेरिफाय’ सांगते. ज्या प्रयोगशाळांना बाहेरचे नेटवर्क जोडायला मनाई असते, त्यांच्यासाठी याहून नेमके साधन माझ्या माहितीत नाही.

दुसरे विरोधक म्हणतात, हे सगळे आता इतिहासजमा झाले, ढगावर ठेवा आणि निवांत राहा. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारताचे इंटरनेट कित्येक दिवस रखडले. ज्या ऑफिसांचे रेपो आतल्या यंत्रावर होते त्यांचे काम चालू राहिले. त्याच वर्षी गिटहब सुरू झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेच गिटहब चोवीस तासांहून जास्त वेळ अडखळत होते. गूगल कोड बंद झाले, गिटोरिअस बंद झाले, बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरियलचा आधार काढून घेतला. मी बाहेरच्या सेवांच्या विरोधात नाही, त्या वापरतोही. माझी तक्रार आहे ती दुसरा मार्गच माहीत नसण्याबद्दल.

आणि ही तक्रार खरी आहे. संगणकशास्त्राची पदवी घेतलेली मुले भेटतात, त्यांना बटण दाबून रेपो तयार करता येतो, पण शेजाऱ्याच्या संगणकाला रिमोट म्हणून जोडता येते हे ऐकून ती चकित होतात. शेजारी बसलेल्या मित्राचा कोड घ्यायला ती सातासमुद्रापार जाऊन परत येतात. साठ मुलांची लॅब एकाच कनेक्शनवरून एकच मोठा रेपो साठ वेळा उतरवते आणि मग नेट हळू आहे म्हणून प्रॅक्टिकल रद्द होते. एका यंत्रावर मिरर क्लोन ठेवला आणि बाकीच्यांच्या सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टेडऑफ’ची एक ओळ घातली, तर मुलांनी पत्ता बाहेरचाच लिहायचा आणि कोड मात्र लॅबमधून यायचा, एवढे हे सोपे आहे.

मात्र मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. मार्च २०१३ मध्ये केडीईच्या मुख्य सर्व्हरची फाइल-सिस्टिम बिघडली आणि त्यावरून आपोआप ताजे होणाऱ्या मिररांमध्येही तो बिघाड शिरला. सुमारे दीड हजार रेपो जाता जाता वाचले. आपोआप पुसली न जाणारी जुनी प्रत कुठेतरी वेगळी ठेवावीच लागते.

शिकवणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. दिवाळीनंतरच्या सत्रात गिटचा पहिला तास घ्याल तेव्हा लॅबचे बाहेरचे कनेक्शन बंद ठेवा. दोन-दोन मुलांना एकमेकांच्या संगणकावरून क्लोन, पुल आणि बेअर रेपोवर पुश करायला लावा. बाहेरच्या सेवेवर खाते उघडायचा तास त्यानंतर घ्या.