जिल्ह्याचा रकाना

पहाटे साडेपाच

उन्हाळ्यात हिंगोलीत हाताचं काम होईल तेवढं नऊच्या आत उरकायचं. नंतर गोदामाचा पत्रा तापतो. मी स्कूटी लावते तोवर हमाल आलेले असतात आणि दार उघडलं की तो वास येतो. लग्नातल्या हळदीचा नव्हे, वाळलेल्या कांडीचा. थोडा मातीचा, थोडा औषधाचा. आठ वर्षांत माझी एकही ओढणी तिच्या मूळ रंगाची राहिलेली नाही.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे गावोगावचे सभासद, पॉलिशचा एक ढोल, प्रतवारीचा एक पट्टा, एक वजनकाटा आणि कागदांसाठी मी. पदवी वसमतच्या कॉलेजची, पण शिकले ते नवी मुंबईत, परदेशी माल पाठवणाऱ्यांच्या एका ऑफिसात चार वर्षं. तिथं मी मोबाइलचे सुटे भाग, औषधं, गाड्यांचे गिअर यांचे कागद केले. परत आल्यावर कळलं, हळकुंडाचे कागद त्यांच्यापेक्षा जड असतात.

आज कंटेनर लागणार आहे. वीस फुटी, सोळा टन, पंचवीस-पंचवीस किलोचे ६४० कट्टे. जाणार हॅम्बुर्गला.

सहा

ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण प्रतवारीवरच्या मावशी त्याच्या आधी सांगतात. कांडी हातात घेऊन मोडतात. कट्ट करून मोडली, आतून केशरी निघाली, तर माल वाळलेला. वाकली तर परत उन्हात. यंत्र नंतर तेच सांगतं, फक्त आकड्यात. दहा टक्क्यांच्या आत पाहिजे.

एका कोपऱ्यात दोन कट्टे मी कालच बाजूला काढून ठेवलेत. त्यांतली हळद जरा जास्तच पिवळी आहे. गिऱ्हाईकाला वाटतं पिवळी म्हणजे चांगली. आम्हाला पिवळीची भीती वाटते. बांगलादेशात हळदीला चकाकी आणायला शिशाचा रंग, लेड क्रोमेट, चोळत होते; २०१९ साली ते अभ्यासातून उघड झालं आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक खरेदीदार आधी शिशाचा आकडा विचारतो. युरोपात किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. हे दोन कट्टे तपासायला जातील, कंटेनरात नाही.

साडेसात

अण्णांसोबत यार्डात. अण्णा कंपनीचे अध्यक्ष, कळमनुरीकडचे. सही मराठीत करतात आणि भाव डॉलरमध्ये तोंडपाठ सांगतात.

संत नामदेव हळद मार्केटसमोर टेम्पो आणि ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत आलीय. काहीजण परवापासून इथंच आहेत. टेम्पोखाली सतरंजी, चाकाला टांगलेली पाण्याची बाटली. जूनमध्ये लावलेलं पीक फेब्रुवारीत काढायचं, शिजवायचं, पंधरा-वीस दिवस वाळवायचं, ढोलात घासायचं. पाच क्विंटल ओल्या हळदीची जेमतेम एक क्विंटल वाळलेली होते. आणि एवढं करून आल्यावर मापाची वाट बघत दोन रात्री डांबरावर.

"कामून नाही आणत आमच्याकडं सरळ?" अण्णा एकाला विचारतात.

"अण्णा, तुमी पैसे आठ दिवसांनी देता. आडत्या आजच देतो."

याला उत्तर नाही. आमच्यासारख्या कंपन्यांची सगळी कथा या एका वाक्यात आहे, हे मी मुंबईच्या एकाही परिसंवादात ऐकलेलं नाही.

बीट सुरू झालं की ढिगामागून ढीग विकला जातो. कांडी वेगळी, गड्डे वेगळे. संध्याकाळपर्यंत यातला बराचसा माल ट्रकमध्ये असेल, सांगलीकडं, निजामाबादकडं, मुंबईकडं. आणि यार्डाच्या फाटकाबाहेर पडला की हिंगोलीचा राहणार नाही. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, वर्ध्याकडच्या वायगावला त्याच्या आधी, २०१६ मध्ये. वसमतच्या हळदीला मिळालं २०२४ साली. तोपर्यंत आमची हळद जिथं विकली जाईल त्या गावाचं नाव लावून फिरत होती. आजही फिरते, कारण मानांकनाचा शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते आणि टेम्पोखाली झोपलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

नऊ

ट्रेलर आला. रिकामा कंटेनर न्हावा-शेव्याहून आमच्या दारापर्यंत आणायचं भाडं आम्हीच भरतो. बंदराजवळचा निर्यातदार हा खर्च ओळखतसुद्धा नाही.

ड्रायव्हर दादांना चहा. मग मी आत शिरून दार लावून घेते आणि अंधारात उभी राहते. कुठून उजेड येतो का बघायचं असतं. छताला टाचणीएवढं भोक असलं तरी समुद्रावर त्यातून पाणी येतं आणि पन्नास दिवसांनी हॅम्बुर्गला बुरशी पोचते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हापासून मी दिवस नेहमी जास्तच धरते.

आज उजेड नाही. कंटेनर पास.

साडेदहा

खरं काम आता. सीएचएनं, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या दलालानं, शिपिंग बिलाची चेकलिस्ट मेल केलीय. ती मी वर्तमानपत्रासारखी वाचत नाही, परीक्षेच्या पेपरसारखी वाचते.

मालाचा कोड ०९१०३०२०, वाळलेली हळद. बरोबर. शेवटचा आकडा चुकला की ती पूड होते किंवा ओली हळद होते. आयात-निर्यात क्रमांक, बँकेचा कोड, मसाला मंडळाची नोंदणी, जीएसटी न भरता माल पाठवायचं हमीपत्र. ते दरवर्षी नव्यानं द्यावं लागतं, मार्चअखेर विसरलात तर एप्रिलमधला पहिला कंटेनर कर भरूनच जाईल. मग येतो रोडटेप. निर्यातीच्या मालावर वाटेत बसलेले आणि कुठंच परत न मिळणारे कर सरकार थोड्या टक्क्यानं परत करतं, ती योजना. १ जानेवारी २०२१ पासून आहे. तिच्यासाठी बिलात फक्त एक अक्षर लागतं: वाय की एन. एन पडलं की त्या कंटेनरचा परतावा अडतो, मग अर्ज करत बसा. सरकारी मदत किती द्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. आमच्याकडं ती एका अक्षरावर ठरते.

आणि शेवटी माझा रकाना. मालाचं मूळ राज्य, मूळ जिल्हा.

फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात हे भरणं सक्तीचं आहे. आधी कुठलाही माल ज्या बंदरातून गेला किंवा ज्या शहरात निर्यातदाराचं ऑफिस होतं, त्याच्या खात्यावर दिसायचा. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात पंतप्रधानांनी प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र व्हावा असं म्हटलं, त्यानंतर जिल्ह्यांचे निर्यात आराखडे आले, कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली समित्या आल्या. त्या समितीपुढं जो आकडा ठेवला जातो तो या रकान्यातून निघतो. म्हणून मी हा रकाना सोडत नाही. मागच्या खेपेला वेगळ्या सीएचएकडं काम दिलं होतं. त्याच्या पोरानं सवयीनं मुंबई निवडलं आणि माझी नजर चुकली. सोळा टन हळद मुंबईच्या मातीत उगवली.

आज काय आहे? रायगड.

फोन लावते. "दादा, बंदर रायगडात आहे. हळद हिंगोलीची आहे."

"मॅडम, त्यानं फरक काय पडतो? पैसे तर तुम्हालाच येणार."

"तुम्ही हिंगोली निवडा, मग फरक सांगते."

अमेरिकेत दिलेलं हळदीचं पेटंट माशेलकरांच्या काळात सीएसआयआरनं लढून १९९७ साली रद्द करवून घेतलं. आपण अजून ते अभिमानानं सांगतो. एक यादी उघडून त्यातलं आपल्या जिल्ह्याचं नाव निवडणं त्या मानानं किती सोपं, पण त्याला ना कुणी लढायला येतं ना कुणी टाळ्या वाजवायला.

बारा

मुंबईहून प्रयोगशाळेचा अहवाल आला. करक्युमीन ठरल्याप्रमाणे तीन टक्क्यांच्या वर. शिसं मर्यादेत. आता अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. युरोपची मर्यादा किलोमागे एकूण दहा मायक्रोग्रॅम. हा आकडा शेतकऱ्यांना कसा सांगायचा म्हणून मी एकदा गुणाकार केला: सोळा टनांच्या अख्ख्या कंटेनरात मिळून १६० मिलिग्रॅम. डोकेदुखीच्या एका गोळीएवढंही नाही. तेवढ्यावर माल समुद्रातून परत येऊ शकतो. जमिनीवर वाळवण्याऐवजी ताडपत्रीवर वाळवा, असं आम्ही का ओरडतो ते या गोळीनं पटतं.

इतकं बारीक मोजावं लागतं, तरी लोक म्हणतात, हायटेक निर्यात शहरातून होते. २०२४-२५ मध्ये देशातून सुमारे दोन लाख कोटी रुपयांचे मोबाइल फोन गेले. सगळ्या देशाची हळद आणि तिचे पदार्थ २०२२-२३ मध्ये गेले १.५३ लाख टन, किंमत वीस कोटी डॉलरच्या थोडी वर, म्हणजे सतराशे कोटी रुपयांच्या आसपास. तुलना करायचीच नाही. पण फोनचा निर्यातदार आणि आम्ही एकाच पोर्टलवर, एकाच नमुन्यात बिल भरतो. माल तपासणारी यंत्रंही काही कमी दर्जाची नसतात. आणि आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होतेय. २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग त्याच्यापुढं तुझं अफ्लाटॉक्सिन म्हणजे डोंगरच की."

दोन

जेवण. भाकरी, ठेचा, ताक. हॅम्बुर्गमध्ये साडेदहा वाजलेत, त्यामुळं घास तोंडात असतानाच मेल येतो. खरेदीदाराला शेतकऱ्यांच्या गावांची यादी हवी. आहे. कंटेनर भरतानाचे फोटो हवेत. देते. तिथली बाई दर वेळी शेवटी एकच विचारते: हा सगळा माल एकाच भागातला आहे ना? मी लिहिते, हो, आणि या वेळी बिलावरही तसंच दिसेल.

साडेतीन

४२ अंश. कंटेनरच्या आत त्याहून जास्त. हमाल दहा-दहा मिनिटांनी पाळी बदलतात. भिंतींना जाड कागद लावलाय, मधूनमधून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगल्यात. मी मोजते. ३१२ वर थांबलो, पाणी प्यालो, पुढं.

जिल्हा उद्योग केंद्रातून फोन. पुढच्या बैठकीसाठी माहिती हवी. तिथले साहेब चांगले आहेत, विचारतात की काय अडतं. योजना कमी नाहीत, मी त्यांना सांगते. एक जिल्हा एक उत्पादनात हिंगोलीची हळद आहे, त्यातून यंत्राला ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं. आमचा पट्टा त्यातलाच. वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र आलं. राष्ट्रीय हळद मंडळ आलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, पण मुख्यालय निजामाबादला. यार्डात त्यावरून अजून कुरकुर चालते आणि मला ती चूक वाटत नाही. मात्र यंत्रापेक्षा जास्त अडतो तो खेळता पैसा. निर्यातीच्या कर्जावरची व्याजसवलत २०२४ च्या डिसेंबरात संपली. त्यानंतर २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रानं २५,०६० कोटींचं निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केलं. तो पैसा आडत्याच्या आधी शेतकऱ्याच्या हातात पडेल अशा रूपात आमच्यापर्यंत आला, तर सकाळचा तो टेम्पोवाला आमच्याकडं येईल.

"लिहून द्या," साहेब म्हणतात. लिहून देते.

पाच

बिलाचा नंबर आला. आता सील. पूर्वी कस्टम्सचा माणूस बोलवावा लागे. २०१७ पासून आम्ही स्वतःच चिप असलेलं इलेक्ट्रॉनिक सील लावतो. कडी खटकन बसते आणि मी सीलचा नंबर बिलाच्या नंबरासोबत पोर्टलवर चढवते. बंदरात यंत्र ते वाचेल. या कामासाठी आता हिंगोलीच्या गोदामात बाहेरून कुणी यावं लागत नाही.

वजनाचा दाखला, ई-वे बिल, ड्रायव्हरचा परवाना, सगळ्यांचे फोटो. ट्रेलर वाशिमकडं वळला. तिथून वर समृद्धी, मग सरळ खाली. जून २०२५ मध्ये रस्ता पूर्ण झाल्यापासून आमची एक रात्र वाचते.

आठ

अण्णा जायच्या आधी बिलाची प्रत मागतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मी रकान्यावर बोट ठेवते, ते चष्मा वर करून बघतात.

"हेच हिंगोली?"

"हेच."

घडी घालून खिशात ठेवतात. दारापर्यंत जातात, परत वळतात.

"आन मागच्या कंटेनरचं? दुरुस्तीचा अर्ज दिला का त्या सीएचएनं?"

"देतो म्हणालाय."

"मग उद्या सकाळी पयला फोन त्यालाच लाव."